सालामांकाचे शहाणे आणि कोलंबसाची चूक

कोलंबसाची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या वयातच कानावर पडते आणि ती जवळजवळ सगळ्यांना एकाच रूपात ठाऊक असते. युरोपातील लोक पृथ्वी सपाट मानत होते. समुद्रात फार दूर गेलेले जहाज काठावरून खाली कोसळेल, अशी त्यांना भीती होती. सालामांका येथे जमलेल्या धर्मपंडितांनी ‘पृथ्वी गोल आहे’ म्हणणाऱ्या एका खलाशाची टर उडवली. आणि तरीही त्या खलाशाने राणीचे मन वळवून तीन जहाजे मिळवली, १४९२ मध्ये पश्चिमेची वाट धरली आणि सगळ्या शहाण्यांना खोटे पाडले. वक्तृत्व स्पर्धांपासून व्यवस्थापनाच्या शिबिरांपर्यंत ही गोष्ट हमखास सांगितली जाते, कारण तिच्यातून ‘लोक हसले तरी थांबू नका’ हा उपदेश सहज निघतो.

या गोष्टीतील साल, जहाजांची संख्या आणि राणी खरी आहे. पृथ्वीच्या आकारावरून वाद झाला, हा तिचा कणा मात्र खोटा आहे. वाद झाला तो पृथ्वी केवढी आहे यावरून, आणि त्या वादात शहाण्यांचे म्हणणे बरोबर होते, कोलंबसाचे चूक होते. मला या प्रकरणात सर्वाधिक रस वाटतो तो याच उलटापालटीत.

कोलंबसाचा बेत साधा होता. आशियाला जायला पोर्तुगीज आफ्रिकेला वळसा घालण्याच्या खटपटीत होते. त्याऐवजी सरळ पश्चिमेला जावे, म्हणजे समुद्र ओलांडला की जपान आणि चीन लागतील. पृथ्वी गोल असल्यावाचून हा बेत सुचणारच नाही, आणि ऐकणाऱ्याने ती गोल मानलेली असल्यावाचून त्यावर चर्चाही होणार नाही. प्रश्न एकच होता, की मधला समुद्र किती रुंद आहे. कोलंबसाने त्याचे उत्तर काढले ते नवव्या शतकातील अल-फर्गानी या मुसलमान ज्योतिर्विदाच्या आकड्यावरून. अल-फर्गानीने एका अंशाचे अंतर ५६ २/३ मैल दिले होते आणि ते बऱ्यापैकी अचूक होते. पण ते अरबी मैल होते, आणि कोलंबसाने त्यांना आखूड रोमन मैल समजून हिशेब केला. त्यामुळे त्याची पृथ्वी खऱ्या पृथ्वीपेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने लहान झाली. दुसरीकडे, युरोप आणि आशिया मिळून होणारी जमीन किती लांब पसरली आहे याचे त्याच्या काळात जे अंदाज उपलब्ध होते, त्यांतला सर्वांत मोठा, म्हणजे टायरच्या मॅरिनसचा २२५ अंशांचा अंदाज त्याने उचलला आणि मार्को पोलोच्या वर्णनांच्या आधारे तो आणखी पूर्वेला ताणला. पृथ्वी लहान आणि जमीन मोठी झाली, की उरलेला समुद्र आपोआप अरुंद होतो. कॅनरी बेटांपासून जपानपर्यंतचे अंतर त्याच्या हिशेबाने सुमारे साडेचार हजार किलोमीटर भरले. प्रत्यक्षात ते जवळजवळ वीस हजार किलोमीटर आहे.

हे सगळे आकडे अजाणतेपणी जुळून आले असे म्हणायला मन धजत नाही. कोलंबसाने ज्या ग्रंथांच्या समासांत टिपा लिहिल्या, त्यांतले काही आजही सेव्हिलच्या ग्रंथालयात आहेत. हा माणूस वाचत होता, खुणा करत होता, आणि आपल्या बेताला सोयीचे ते निवडत होता. ज्याला जायचेच आहे, त्याला मोजमापे वाकवण्याची विद्या फारशी शिकवावी लागत नाही.

हा बेत पोर्तुगालच्या राजाच्या तज्ज्ञांनी आधीच नाकारला होता. स्पेनमध्ये राणी इसाबेलाने तो तपासण्यासाठी एर्नांदो दे तालावेरा या आपल्या धर्मगुरूच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले. या मंडळाची १४८६ च्या सुमारास सालामांका येथे जी बैठक झाली तिचे इतिवृत्त आज उपलब्ध नाही. आपल्याला जे कळते ते मुख्यतः कोलंबसाच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रातून आणि लास कासास या धर्मोपदेशकाच्या ग्रंथातून. तज्ज्ञांचे आक्षेप तेथे नोंदलेले आहेत. समुद्र फार मोठा आहे, आशियापर्यंतच्या प्रवासाला वर्षानुवर्षे लागतील, तेवढे अन्नपाणी कोणतेही जहाज वाहून नेऊ शकणार नाही, असा त्यांचा मुख्य सूर होता. संत ऑगस्टीनचाही दाखला दिला गेला. पण ऑगस्टीनची शंका पृथ्वीच्या आकाराबद्दल नव्हती, तिच्या पलीकडच्या बाजूला माणसे राहत असतील का याबद्दल होती. मंडळाने प्रतिकूल मत दिले. ग्रानाडा जिंकल्यानंतर, १४९२ च्या एप्रिलमध्ये राणीने परवानगी दिली, ती कोलंबसाचा हिशेब पटला म्हणून नव्हे. खर्च थोडा आहे आणि साधले तर लाभ अमाप आहे, हे लुईस दे सान्तांखेल या दरबारी कारभाऱ्याने तिच्या गळी उतरवले म्हणून.

तज्ज्ञांची भीती किती रास्त होती, हे पुढे मॅगेलनच्या मोहिमेत दिसले. १५२०-२१ मध्ये पॅसिफिक ओलांडताना त्या मोहिमेला तीन महिने आणि वीस दिवस ताजे अन्न मिळाले नाही. किडलेल्या बिस्किटांचा भुगा, लाकडाचा भुसा आणि डोलकाठीवरचे कातडे भिजवून खाण्याची पाळी खलाशांवर आली, आणि उंदीर विकत घेतले गेले, असे मोहिमेतील पिगाफेत्ता लिहून ठेवतो. कोलंबसासमोर असा समुद्र अटलांटिकला जोडून सलग पसरलेला असता, तर त्याची तिन्ही जहाजे वाटेतच संपली असती. मध्ये कोणाच्याही हिशेबात नसलेले एक खंड आडवे आले, म्हणून कॅनरी बेटे सोडल्यावर पाचेक आठवड्यांत, १२ ऑक्टोबरला, त्याला जमीन दिसली. ती आशियाच आहे, या समजुतीला तो १५०६ मध्ये मरेपर्यंत चिकटून राहिला.

आणि खलाशांची भीती? ती खरीच होती; मात्र पृथ्वीच्या काठाची नव्हती. मोहिमेच्या रोजनिशीत २२ सप्टेंबरच्या सुमारास अशी नोंद आहे, की उलटा वारा सुटला तेव्हा कोलंबसाला बरे वाटले, कारण या समुद्रावर स्पेनकडे परत नेणारा वाराच वाहत नाही, या विचाराने खलाशी अस्वस्थ झाले होते. रोज पाठीमागून वारा यावा आणि शिडाच्या जहाजात बसलेल्या माणसाच्या मनात घरी परतायचे कसे हा प्रश्न घोळत राहावा, ही धास्ती कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावी लागणार नाही.

युरोपात पृथ्वी गोल मानली जात होती, याचे पुरावे इतके आहेत की त्यांत निवड करावी लागते. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली नेहमी वक्र पडते आणि उत्तर-दक्षिण प्रवास केला की दिसणारे तारे बदलतात, हे दोन्ही युक्तिवाद ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात मांडले होते. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिसने सायीन आणि अलेक्झांड्रिया या दोन गावांतील मध्यान्हीच्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ काढला. मध्ययुगाला आपण ‘अंधारयुग’ म्हणतो, पण त्या काळातही हे ज्ञान विसरले गेले नव्हते. इंग्लंडमध्ये बीड नावाच्या भिक्षूने ७२५ मध्ये कालगणनेवर लिहिताना पृथ्वीचा गोल गृहीत धरला. तेराव्या शतकात साक्रोबोस्कोने लिहिलेले गोलावरचे छोटे पाठ्यपुस्तक पुढे कित्येक शतके विद्यापीठांत शिकवले जात होते. थॉमस अक्वायनस आपल्या धर्मशास्त्राच्या महाग्रंथाच्या अगदी आरंभी, एकच सत्य दोन शास्त्रे वेगवेगळ्या मार्गांनी सिद्ध करतात याचे उदाहरण म्हणून पृथ्वीच्या गोलाकाराचा दाखला देतो. वाचकाला मान्य नसलेली गोष्ट कोणी उदाहरणादाखल घेत नसतो. दान्तेचे महाकाव्य तर पृथ्वीच्या मध्यबिंदूतून आरपार जाते, आणि त्या बिंदूपाशी ‘खाली’ची दिशा पालटते. राजांच्या हातात दिसणारा, वर क्रूस बसवलेला सोन्याचा गोळाही पृथ्वीचेच प्रतीक होता. आणि कोलंबस समुद्रात असताना, म्हणजे त्याची खबर युरोपात पोहोचण्याआधीच, न्यूरेंबर्गमध्ये मार्टिन बेहाइमने तयार करवून घेतलेला पृथ्वीगोल आकाराला येत होता. तो आजही तेथील संग्रहालयात आहे. त्यावर अमेरिका अर्थातच नाही.

सपाट पृथ्वीचे समर्थक अगदीच नव्हते असे नाही. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टान्शियस या ख्रिस्ती लेखकाने गोल पृथ्वीची थट्टा केली होती, आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या एका व्यापाऱ्याने, जो नंतर भिक्षू झाला, पृथ्वी ही आयताकृती असून सारे विश्व एखाद्या पेटीसारखे आहे, असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला. या कॉस्मसची ओळख मराठी वाचकाला दुसऱ्याच कारणासाठी असायला हवी. त्याच्या ग्रंथात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची नावे आहेत. त्यांत ‘कॅलियाना’ आहे, आणि तेथे इराणहून नेमलेला एक बिशप राहतो, असेही तो सांगतो. बहुतेक अभ्यासक हे बंदर म्हणजे आपले कल्याण मानतात. सहाव्या शतकातील कल्याणच्या व्यापारासाठी आणि तिथल्या ख्रिस्ती वस्तीसाठी ज्याची साक्ष काढावी लागते, तोच हा सपाट पृथ्वीवाला. त्याच्या मते सूर्य रात्री बुडत नाही; उत्तरेकडे एक प्रचंड पर्वत आहे आणि सूर्य त्याच्या आड जातो, म्हणून रात्र होते. पश्चिम युरोपातील मध्ययुगीन वाचकाच्या हाती हा ग्रंथ नव्हताच. तो ग्रीकमध्ये होता, आणि त्याचा लॅटिन अनुवाद अठराव्या शतकाच्या आरंभी, १७०६ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रीक जगातही नवव्या शतकातील फोटियस या विद्वानाने त्याची खिल्ली उडवली होती. अशा दोन लेखकांना सबंध मध्ययुगाचे प्रवक्ते ठरवण्याचे काम एकोणिसाव्या शतकाने केले.

ते काम सुरू झाले एका ललित लेखकाच्या टेबलावर. वॉशिंग्टन आयर्विंग हा अमेरिकन कथाकार १८२६ मध्ये माद्रिदला आला, तो कोलंबसासंबंधी नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या स्पॅनिश कागदपत्रांचा इंग्रजी अनुवाद करण्यासाठी. कागदपत्रे रुक्ष होती आणि आयर्विंग गोष्ट सांगणारा होता. अनुवाद बाजूला पडला आणि १८२८ मध्ये कोलंबसाचे चरित्र बाहेर आले. त्यात सालामांकाच्या सभेचे मोठे नाट्यमय दृश्य आहे. एका बाजूला प्राध्यापक, भिक्षू आणि धर्माधिकारी यांची भारदस्त मांदियाळी; दुसऱ्या बाजूला एकटा, साधा खलाशी; आणि त्याच्यावर फेकले जाणारे लॅक्टान्शियसचे आणि बायबलमधले उतारे. आयर्विंगच्या बाजूने एवढे सांगायला हवे, की सभेतील अधिक जाणत्या मंडळींना पृथ्वीचा गोलाकार मान्य होता, असे त्याने त्याच प्रकरणात लिहिले आहे. पण दृश्य एवढे ठसठशीत उतरले होते, की त्या वाक्यापाशी कोणी थांबले नाही. पुस्तक अमाप खपले, अनेक आवृत्त्या निघाल्या, शालेय पुस्तकांनी त्यातून उचल केली, आणि प्रत्येक उचलीत जाणत्यांचे ते वाक्य गळत गेले.

दुसरा हातभार फ्रान्समधून लागला. लेत्रॉन या विद्वानाने १८३४ मध्ये चर्चच्या आद्य आचार्यांच्या भूगोलविषयक कल्पनांवर निबंध लिहिला आणि सपाट पृथ्वीचे मत होते त्यापेक्षा फार व्यापक असल्याचे भासवले. त्यानंतर डार्विनचा काळ आला. विज्ञान आणि धर्म यांचे युद्ध अनादी काळापासून चालू आहे, असे दाखवणे ही आता गरज झाली होती. न्यूयॉर्कच्या जॉन विल्यम ड्रेपर या रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये आणि कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट यांनी १८९६ मध्ये या युद्धाचे इतिहास लिहिले. व्हाइट यांची चीड समजण्यासारखी आहे. कोणत्याही पंथाशी बांधलेले नसलेले विद्यापीठ काढले, म्हणून धर्मोपदेशकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. उत्क्रांतीला विरोध करणाऱ्यांना ‘तुम्ही सपाट पृथ्वीवाल्यांचे वारस आहात’ असे म्हणता आले, तर वाद अर्धा जिंकलाच. आणि म्हणून एका कादंबरीवजा दृश्याला इतिहासाच्या पुराव्याचा मान मिळाला. ढगांच्या पडद्यातून डोके बाहेर काढून विश्वाची यंत्रे पाहणाऱ्या यात्रेकरूचे ते चित्र बहुतेकांनी पाहिले असेल. मध्ययुगीन लोकांची पृथ्वीची कल्पना म्हणून ते आजही छापले जाते. प्रत्यक्षात ते पहिल्यांदा दिसते ते कामीय फ्लामारियाँ या फ्रेंच खगोललेखकाच्या १८८८ मधील पुस्तकात.

गंमत अशी, की या सगळ्या नाटकात पृथ्वीच्या गोलाकारावर लेखी शंका घेणारा एक माणूस खरोखरच होता, आणि तो स्वतः कोलंबस होता. १४९८ च्या तिसऱ्या सफरीत ओरिनोको नदीच्या मुखाशी गोड्या पाण्याचा प्रचंड लोंढा पाहून त्याने राजाराणीला कळवले, की पृथ्वी लोक म्हणतात तशी पूर्ण गोल नसून देठाकडे फुगवटा असलेल्या नासपतीसारखी आहे, आणि त्या फुगवट्याच्या टोकाशी स्वर्गोद्यान असावे.

हे सगळे युरोपचे झाले. पण ही गोष्ट ऐकून आपल्याकडे हमखास जो प्रतिसाद येतो, तोही तपासून घ्यावा असा आहे. ‘त्यांना पंधराव्या शतकात कळले, आपल्याला हजार वर्षे आधीपासून ठाऊक होते,’ असे मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत अभिमानाने लिहिलेले असते. त्यांना पंधराव्या शतकात कळले नव्हते, हे वर आलेच. ‘आपल्याला’ ठाऊक होते, यातले ‘आपण’ कोण, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आर्यभटाने ४९९ मध्ये, कदंबाच्या फुलाची गाठ जशी सर्व बाजूंनी पाकळ्यांनी वेढलेली असते तसा हा भूगोल सर्व बाजूंनी प्राण्यांनी वेढलेला आहे, असे लिहिले, यात शंका नाही. वराहमिहिराने लोहचुंबकांच्या मध्ये लोंबकळणाऱ्या लोखंडाप्रमाणे ताऱ्यांच्या पिंजऱ्यात राहिलेल्या गोलाची कल्पना केली, आणि आठव्या शतकात लल्लाने, पृथ्वी सपाट असती तर ताडासारखी उंच झाडे दुरून का दिसत नाहीत, असे विचारले. पण त्याच काळात, त्याच देशात, पुराणांची पृथ्वी नांदत होती. मध्ये सोन्याचा मेरुपर्वत, त्याभोवती जंबुद्वीप, मग खारा समुद्र, मग दुसरे द्वीप, मग उसाच्या रसाचा समुद्र, असे करत तूप, दही, दूध यांच्या समुद्रांपर्यंत जाणारी, पन्नास कोटी योजने विस्ताराची ही पृथ्वी सपाट आहे, आणि सूर्य मेरूभोवती फिरत असल्यामुळे रात्र होते. कॉस्मसच्या उत्तरेकडील पर्वताची इथे आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या दोन पृथ्व्या एकमेकींना अडचण न करता एकाच गावात, पुष्कळदा एकाच घरात राहिल्या. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० मध्ये लिहिलेल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून महाराष्ट्रातील पंचांगे शतकानुशतके तयार होत होती. त्यातले ग्रहणाचे गणित पृथ्वीची सावली चंद्रावर पडते या तत्त्वावर चालते. स्थळाच्या अक्षांशाप्रमाणे दिवस लहानमोठा होतो, हेही त्यात गृहीत आहे. या गणितात सपाट पृथ्वीला जागाच नाही. पण त्याच पंचांगात दिलेल्या वेळेला घरोघर पाणी तापवले जाई, स्पर्शाचे आणि मोक्षाचे स्नान होई, राहूने चंद्राला गिळल्याचे बोलले जाई, आणि गल्लीतून ‘दे दान, सुटे गिराण’ अशी आरोळी ऐकू येई. आमच्या घरीही ग्रहणाच्या दिवशी आजी स्वयंपाकघरातील सगळ्या भांड्यांवर तुळशीपत्रे ठेवायची, आणि ग्रहण किती वाजता सुटणार हे विचारायला मला पंचांगाकडे पाठवायची. वेळ चुकली असे तिला कधी वाटले नाही, आणि राहूबद्दलही तिच्या मनात कधी शंका आली नाही. गणित ज्योतिषाचे आणि कथा पुराणाची, अशी ही वाटणी होती, आणि तिच्यामुळे कोणालाही कोणाशी भांडावे लागत नव्हते.

एक मोठा अपवाद होता, आणि तो आपल्या सह्याद्रीच्या परिसरातला. चाळीसगावजवळच्या पाटण येथे देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, त्याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाला निकुंभ घराण्यातील सोइदेवाने शके ११२८ मध्ये दिलेल्या देणगीची त्यात नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी बाजारातील कोणकोणत्या मालावर मठाला किती उत्पन्न मिळावे, हे सांगताना तो जुन्या मराठीत उतरतो. मी तेथे गेलो तेव्हा पावसाळा नुकताच संपला होता आणि भोवतीचे डोंगर हिरवे होते. तरी माझे लक्ष राहून राहून त्या शेवटच्या मराठी ओळींकडे जात होते. खगोलशास्त्राच्या अध्यापनाला सुपारीच्या आणि तेलाच्या व्यापारातून आधार मिळावा, ही तजवीज मला अनेक भव्य स्मारकांपेक्षा मोलाची वाटली.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात पुराणांच्या भूगोलाशी थेट वाद घातला आहे, आणि तो वाचताना त्यांच्या चेहऱ्यावरचे मिस्कील हसू दिसावे इतका तो जिवंत आहे. पृथ्वी आरशासारखी सपाट असेल, तर तिच्यावर दूर फिरणारा सूर्य देवांना दिसतो तसा माणसांना का दिसत नाही? सोन्याच्या पर्वतामुळे रात्र होत असेल, तर मध्ये आलेला तो पर्वत का दिसत नाही? आणि मेरू जर उत्तरेला आहे, तर सूर्य दक्षिणेकडे सरकून कसा उगवतो? कॉस्मसच्या पेटीतल्या पर्वतालाही, त्याचे नाव न ऐकता, यात उत्तर मिळून गेले आहे. पृथ्वीला कोणी आधार दिला आहे म्हणावे, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल आणि ही साखळी कुठे थांबणारच नाही. शेवटी कोणाला तरी स्वतःच्या शक्तीने उभे मानायचेच असेल, तर ते पृथ्वीलाच का मानू नये, असेही ते विचारतात. परिघाचा शंभरावा भाग सपाटच भासतो, पृथ्वी प्रचंड आणि तिच्यावर उभा असलेला माणूस इवलासा, म्हणून ती त्याला सपाट दिसते, हा त्यांचा खुलासा आजही कोणत्याही पाठ्यपुस्तकात जसाच्या तसा शोभेल. पलीकडच्या बाजूची माणसे पडत का नाहीत, या ऑगस्टीनलाही अवघड वाटलेल्या प्रश्नाच्या ओघात ते पाण्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या उलट्या प्रतिबिंबाचा दृष्टान्त देतात, आणि आपण इथे जसे निश्चिंत आहोत तशीच ती माणसे तिथे आहेत, असे सांगतात.

पण मला सर्वांत आवडतो तो उज्जयिनीचा हिशेब. गणिताने उज्जयिनी विषुववृत्तापासून परिघाच्या सोळाव्या भागावर येते. मग तेवढे अंतर मोजा, त्याला सोळाने गुणा, पृथ्वीचा परीघ मिळेल. एवढे असताना ती अफाट मोठी असल्याचे कशाला सांगता? ३६० अंशांचा सोळावा भाग साडेबावीस अंश, आणि उज्जैनचे अक्षांश आज आपण २३ अंशांहून किंचित जास्त मोजतो. तत्त्व इराटोस्थेनिसचेच, पण इथे ते पन्नास कोटी योजनांच्या विरोधात वापरले आहे. म्हणजे इथेही वाद आकारावरून मोजमापावर आलाच. फरक इतकाच की कोलंबसाने मोजमाप आपल्या बेताला बसवले होते.

भास्कराचार्यांची थोरवी सांगताना एक मर्यादाही पाळावी लागते. पृथ्वीला आकर्षणशक्ती आहे आणि ती आकाशातील जड वस्तू स्वतःकडे ओढते, असे त्यांनी लिहिले आहे. तेवढ्यावरून त्यांनी न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम शोधला, असे सांगणारे भाषण दरवर्षी कुठे ना कुठे होते. त्यांनी नियम दिलेला नाही, अंतराशी त्या ओढीचे प्रमाण सांगितलेले नाही, आणि चंद्राची गती त्याच ओढीने समजावलेली नाही. त्यांची पृथ्वी गोल आहे, पण ती स्थिर आहे. ती फिरते असे म्हणणाऱ्या आर्यभटाचे म्हणणे त्यांनी स्वीकारले नव्हते. शिवाय मेरू आणि सात समुद्र त्यांनी सरळ टाकूनही दिले नाहीत. सिद्धान्तग्रंथांच्या, म्हणजे गणिती ज्योतिषाच्या ग्रंथांच्या, प्रघाताप्रमाणे मेरूला उत्तर ध्रुवावर आणि दूधदह्याच्या समुद्रांना दक्षिण गोलार्धात जागा करून दिली. वाद घालायचा, पण नाते तोडायचे नाही, हा त्यामागचा धोरणी स्वभाव मला ओळखीचा वाटतो.

हे नाते ताणले गेले ते १८३० च्या दशकात, म्हणजे आयर्विंगचे पुस्तक अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये खपत होते नेमक्या त्याच वर्षांत, आणि ते ताणले गेले भोपाळजवळच्या सिहोर या छावणीच्या गावात. तेथे कंपनी सरकारचा लॅन्सलॉट विल्किन्सन नावाचा अधिकारी होता. एतद्देशीयांना कोपर्निकसचे ज्योतिष शिकवायचे तर इंग्रजी पुस्तके त्यांच्यावर लादू नयेत, त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांपासून आरंभ करावा, असे त्याचे मत होते, आणि १८३४ मध्ये त्याने ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मांडले. त्याच्या पाठशाळेत सुबाजी बापू नावाचे मराठी पंडित होते. भास्कराचार्य शिकलेल्या या पंडितांनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. पुराणांची पृथ्वी, सिद्धान्तांची पृथ्वी आणि कोपर्निकसची पृथ्वी अशा तिन्ही मांडण्या त्यांनी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. पुराणांकडून सिद्धान्तांकडे येण्याची पायरी भास्कराचार्यांनी आधीच बांधलेली होती. तेथून पुढची पायरी सुबाजी बापू चढले. शास्त्री मंडळींत त्यावरून वाद माजला आणि उत्तरे-प्रत्युत्तरे लिहिली गेली.

सालामांकाच्या सभेचे इतिवृत्त कोणाजवळही नाही, तरी ती सभा आपल्या मुलांना पाठ आहे. सिहोरच्या वादाची पुस्तके छापलेली आहेत, त्यातले मुख्य पुस्तक मराठीत आहे, आणि आपल्या शाळांत सुबाजी बापूंचे नावही ऐकू येत नाही. आयर्विंगने रंगवलेली भेट, म्हणजे ग्रंथप्रामाण्य मानणारे एका बाजूला आणि आकाशाचे गणित जाणणारा दुसऱ्या बाजूला, ही तिथे खरोखर घडली होती. फक्त तिथला गणित जाणणारा समुद्रात गेला नाही, आणि त्याचे प्रतिपक्षी खलनायक शोभावेत इतके अडाणी नव्हते. विल्किन्सन १८४१ मध्ये वारला. त्याच पाठशाळेत शिकलेले, मूळचे पुण्याचे बापूदेवशास्त्री पुढल्या वर्षापासून काशीच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवू लागले. आणि विल्किन्सनने केलेला गोलाध्यायाचा इंग्रजी अनुवाद त्यांनी तपासून १८६१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केला.